घरातलं खोटं आणि घरचाच साक्षीदार

(काटोल इथं कुटुंबांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी आलिम नाही, वकील नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काटोलचा मुलगा आहे, इथल्याच शाळेत शिकलो, पुढं इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात नोकरी करतो. त्यामुळे आज मी जे बोलेन ते फतवा म्हणून घेऊ नका. घरातल्या पोरानं घरच्यांसमोर मांडलेली गोष्ट म्हणून ऐका. समोर माझे दोन मामू बसलेत, शाळेतले दोन सर बसलेत आणि मागच्या रांगेत माझे अब्बाही आहेत. त्यांना विचारूनच मी आज उभा आहे.

विषय आहे कुटुंबातला खरेपणा आणि फसवणूक. बाजारातल्या फसवणुकीवर आपण खूप बोलतो. बोगस बियाणं, वजनात मारलेला काटा, संत्र्याची बाग ठरवून ऐन तोडणीला पळून गेलेला व्यापारी. घरातल्या फसवणुकीवर मात्र बोलत नाही, कारण तिला आपण वेगळी नावं देतो. समजूत म्हणतो, घरची बाब म्हणतो, इज्जत म्हणतो.

कुरआननं मात्र या विषयाला एक अख्खी सूरह दिली आहे. सूरह यूसुफ, बारावी सूरह, 111 आयती, आणि जवळजवळ सगळ्या एकाच घराच्या गोष्टीच्या. तिच्या सुरुवातीलाच या कथेला सर्वांत सुंदर कथा म्हटलं आहे. लहानपणी मी ती ऐकली तेव्हा मला विहीर, स्वप्नं आणि राजवाडा आठवायचा. तिशी ओलांडल्यावर पुन्हा वाचली तेव्हा मला सदरे दिसले.

या कथेत सदरा तीनदा येतो. पहिला सदरा भाऊ घरी आणतात. यूसुफला विहिरीत टाकून ते रात्री रडत येतात, लांडग्यानं खाल्लं म्हणतात, आणि पुरावा म्हणून सदऱ्यावर खोटं रक्त लावून आणतात. दुसरा सदरा इजिप्तमध्ये, अजीजच्या घरात फाटतो. तिसरा सदरा यूसुफ स्वतः पाठवतो आणि तो चेहऱ्यावर टाकताच आंधळ्या झालेल्या याकूबना पुन्हा दिसू लागतं. पहिला सदरा खोटं बोलतो, दुसरा खरं बोलतो, तिसरा बरं करतो.

पहिल्या सदऱ्यापाशी थोडं थांबू. भावांनी नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण घरातल्या खोट्यालाही पुरावा लागतो. काहीतरी हातात धरून दाखवावं लागतं. त्या काळी सदरा होता, आज कागद असतो. याकूब सदरा बघतात आणि म्हणतात की हे तुमच्या मनानं तुम्हाला रचून दिलेलं आहे, मी चांगला सबर धरेन. म्हणजे बापाला कळलेलं आहे. तरीही तो पोरांना घराबाहेर काढत नाही. त्याच घरात, त्याच पोरांबरोबर तो कित्येक वर्षं राहतो. घरातलं खोटं असंच असतं. ते उघडं पडत नाही आणि झाकलंही जात नाही. सगळे त्याच्या बाजूनं वाट काढत चालत राहतात.

आता पुढचं ऐका, कारण मला या सूरहतली सर्वांत जड जागा ही वाटते. वर्षं जातात, दुष्काळ पडतो, भाऊ धान्यासाठी इजिप्तला जातात. धाकटा बिनयामीन तिथं अडकवला जातो. थोरला भाऊ लाजेनं तिथंच थांबतो आणि बाकीचे घरी येऊन बापाला सांगतात की मुलानं चोरी केली, आम्ही जे पाहिलं तेच सांगतोय, हवं तर त्या गावाला विचारा, आमच्याबरोबरच्या काफिल्याला विचारा. या वेळी ते खोटं बोलत नाहीत. जे दिसलं तेच सांगत आहेत, साक्षीदारही देत आहेत. आणि याकूब काय म्हणतात? पहिल्या वेळी जे शब्द म्हणाले, तेच. आयत 18 आणि आयत 83 शेजारी ठेवून बघा. तुमच्या मनानं तुम्हाला रचून दिलं, मी चांगला सबर धरेन.

तेच शब्द. एकदा खोट्याला, एकदा खऱ्याला.

घरात एकदा खोटं बोललं की त्याची शिक्षा बहुधा ही असते. पुढं कधी खरं बोलायची वेळ येते आणि ते कुणी धरत नाही.

दुसऱ्या सदऱ्याकडे येऊ. अजीजच्या घरात यूसुफवर आळ येतो. तेव्हा निवाडा कोण करतं? कुरआन सांगतो, त्या बाईच्याच घरातला एक जण साक्ष देतो. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो. साक्षीदार बाहेरचा नाही, शत्रू नाही, घरचाच माणूस आहे आणि तो घराच्या विरोधात जाणारी कसोटी सांगतो. आणि मग काय होतं? घरधनी यूसुफला म्हणतो, हे सोडून दे. एवढ्या खुणा दिसल्यावरही यूसुफला काही काळ तुरुंगात टाकायचं ठरतं. घराची अब्रू वाचवायला निर्दोष माणूस आत. पुढं, बऱ्याच वर्षांनी, तीच बाई उभी राहून सांगते की चूक माझी होती, तो खरा आहे. या कथेत कबुली देणारी पहिली व्यक्ती ती आहे. यूसुफच्या भावांची कबुली तिच्यानंतर येते.

कुणी विचारेल, यूसुफनंही प्याला भावाच्या सामानात लपवला होता, ती फसवणूक नव्हती का? प्रश्न रास्त आहे, मुफस्सिरांनीही त्यावर विचार केला आहे. मला तीन गोष्टी दिसतात. ज्याच्या सामानात प्याला ठेवला, त्याला यूसुफनं आधीच मी तुझा भाऊ आहे असं सांगितलं होतं. त्या युक्तीत कुणाचा हक्क गेला नाही. आणि तिचा शेवट सगळं उघड करण्यात झाला. भावांचं मात्र बघा, त्याच प्रसंगी ते म्हणतात की यानं चोरी केली तर नवल काय, याच्या भावानंही पूर्वी केली होती. आधी यूसुफला मेलेला ठरवला, आता चोर ठरवला. खोट्याला व्याज लागतं, ते असं.

ही गोष्ट फक्त आपल्या ग्रंथात नाही. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात एक प्रसंग आहे, कुरआनात तो नाही. तिथं तरुण याकोब अंगावर भावाचे कपडे आणि हातांवर करडाचं कातडं बांधून आंधळ्या झालेल्या बापाला, इसहाकला फसवतो आणि थोरल्या एसावचा आशीर्वाद घेतो. पुढं त्याच याकोबचे मुलगे बोकडाच्या रक्तात झगा बुडवून त्याच्यासमोर ठेवतात. बापाला करडाच्या कातड्यानं फसवलं, मुलांनी बोकडाच्या रक्तानं फसवलं. लिहिणाऱ्यानं त्यावर काही टिप्पणी केलेली नाही, नुसतं जनावर तेच ठेवलं आहे.

आणि महाभारत तर आपल्या सगळ्यांच्या गावात सांगितलं जातं. कुंतीनं कर्ण आपला मुलगा असल्याचं पांडवांपासून लपवलं. युद्ध संपलं, प्रेतांना पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा तिनं सांगितलं की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. कुंतीनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण तिनं सत्य अशा वेळी सांगितलं की त्याचा उपयोग फक्त रडण्यासाठी उरला होता.

आता माझा कागद सांगतो.

2010 साली माझे दादा, म्हणजे आजोबा, वारले. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादी आधीच गेली होती. मागं सहा एकर संत्र्याची बाग, दोन मुलगे, दोन मुली. मुलगे म्हणजे अब्बा आणि चाचा. मुली म्हणजे माझ्या दोन फूफी. थोरली पांढुर्ण्याला दिलेली, धाकटी इथंच काटोलात. धाकटी फूफी तरुणपणीच विधवा झाली, शिवणकामावर तिनं दोन लेकरं मोठी केली. ती चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलते, वाचता येत नाही.

घरात ठरलं की बाग दोन भावांच्या नावे करायची. बँकेचं कर्ज काढायचं होतं, चार नावं असली तर सह्यांची कटकट. त्यासाठी दोघी बहिणींचं हक्कसोडपत्र करायचं. फूफींना सांगितलं गेलं की सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायला सही लागते. कचेरीत धाकट्या फूफीनं कागद माझ्या हातात दिला. पूर्ण खानदानात इंजिनिअर होणारा मी पहिला. ती म्हणाली, बेटा, तू शिकलेला आहेस, यात काय लिहिलंय?

मी वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की माझा हक्क मी राजीखुशीनं, काही मोबदला न घेता, भावांच्या लाभात सोडून देत आहे. मी तिला म्हणालो, काही नाही फूफी, नावं चढवायचा कागद आहे. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, मजकूर समजला का? तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हो म्हणाली. मग खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

हे मी अब्बांवर ढकलणार नाही. अब्बांनी मला खोटं बोल असं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. घरात तशी गरज पडत नाही. त्या वर्षी बागेवर कर्ज निघालं आणि माझ्या तिसऱ्या वर्षाची फी भरली गेली. माझ्या डिग्रीच्या पायाखाली तो कागद आहे.

त्यानंतर दरवर्षी आंबिया बहाराची तोडणी झाली की आम्ही फूफीकडे संत्र्यांची एक पेटी पाठवायचो. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायची, सांगायची, माझ्या भावांनी पाठवली. तिच्याच झाडांची संत्री आम्ही तिला भेट म्हणून देत होतो.

2022 मध्ये धाकटी फूफी आजारी पडली. ऑपरेशन ठरलं, मी पुण्याहून आलो, दवाखान्याचं सगळं बघत होतो. संमतीपत्र आलं. मी तिला नीट सांगितलं, हे ऑपरेशनला परवानगी दिल्याचं पत्र आहे, भूल देणार आहेत, इथं सही कर. सगळं खरं होतं. तिनं कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाली, रुखसतीला गेलेली पोर संध्याकाळी येईल, ती वाचेल, मग करते.

तिनं आवाज चढवला नाही, मला काही विचारलंही नाही. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. आयत 18 आणि आयत 83 शेजारी ठेवायला मला त्या दिवशी कळलं.

आता हिशेब बघू, कारण या विषयात नुसतं रडून भागत नाही. सूरह निसाच्या अकराव्या आयतीप्रमाणे मुलाला दोन मुलींएवढा वाटा. दोन मुलगे, दोन मुली म्हणजे एकूण सहा हिस्से. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. सहा एकरांत प्रत्येक फूफीचा एक एकर. सहा मीटरवर लावलेली बाग असेल तर एकरात साधारण 110 झाडं बसतात. एवढी झाडं माझ्या एका मान हलवण्यात गेली. मुलीला निम्माच का, यावर आपल्यात वाद आहे. माझंही त्यावर मत आहे आणि ते मी वेगळ्या वेळी मांडेन. पण मित्रांनो, निम्मा की पूर्ण, हा वाद करायचा अधिकार त्याला आहे ज्यानं किमान निम्मा तरी दिला आहे. आपण निम्म्याची बाजू मंचावर लढतो आणि कचेरीत शून्य देतो.

काही जण म्हणतात, 1937 च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळली आहे. हो, वगळली आहे. त्याचा कोर्टात काय अर्थ निघतो ते वकिलांना विचारा. पण निसाची सातवी आयत सांगते की आईबाप आणि नातलग जे मागं ठेवतात, थोडं असो वा फार, त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे. तिथं घर, सोनं, शेत असा भेद नाही. धर्माच्या नावानं भाषण आणि कायद्याच्या फटीतून पळवाट, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

बहिणी मागतच नाहीत, असंही म्हणतात. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. उहुदच्या लढाईत साद बिन रबीअ शहीद झाले. मागं बायको आणि दोन मुली. सादच्या भावानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा मुलींना घेऊन पैगंबरांकडे (स.) गेली आणि सरळ सांगितलं की यांच्या चाचानं सगळं घेतलं, आता यांची लग्नं कशी व्हायची? त्यानंतर वारशाच्या आयती आल्या आणि त्या चाचाला बोलावून सांगितलं गेलं की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे, उरेल ते तुझं. म्हणजे ज्या आयती आपण वाटणीचं कोष्टक म्हणून पाठ करतो, त्यांच्या मागं घरातल्याच माणसानं केलेली लूट आणि एका आईची तक्रार आहे. आपल्या बहिणी तक्रार करत नाहीत, कारण त्यांना माहीत आहे की वाटा मागितला तर मायका जाईल. मायका तुटायच्या भीतीनं दिलेली सही राजीखुशीची कशी? आणि हे फक्त आपल्याकडे नाही. शेजारच्या कुणबी, माळी, तेली घरांतही 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना बरोबरीचा हक्क मिळाला, आणि हक्कसोडाचे कागद तिथंही होतातच. साडीचोळीवर बहीण परत पाठवायची रीत सगळ्यांचीच आहे.

दुसरा प्रसंग साक्षीदाराचा. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली. आई अमरा बिन्ते रवाहा म्हणाली, पैगंबर (स.) साक्षी असतील तरच मला हे मान्य. वडील त्यांच्याकडे गेले. पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? उत्तर आलं, नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की अल्लाहला भ्या, मुलांमध्ये न्याय करा, आणि अन्यायावर साक्षीदार व्हायला नकार दिला. देणगी परत घेतली गेली. हे वाचताना मला माझी सही दिसते. तिथं नकार देता येत होता. वीस वर्षांच्या पोराला अवघड होतं, पण येत होता.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे, माहीत आहे? नमाजवर नाही, रोजावर नाही. बकरा सूरहची 282 वी आयत देण्याघेण्याचा कागद कसा लिहावा यावर आहे. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं. ज्याच्यावर देणं आहे त्याला नीट सांगता येत नसेल तर त्याच्या वतीनं बोलणाऱ्यानं न्यायानं सांगावं. लहान असो, मोठं असो, लिहायचा कंटाळा करू नये. आणि निसाची 135 वी आयत सांगते की न्यायासाठी साक्षी म्हणून उभे राहा, मग ती साक्ष तुमच्या स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना.

आता एक सवलत असते, ती आपण फार वापरतो. उम्मे कुलसूम बिन्ते उक्बा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये भांडणाऱ्यांत समेट घडवणाऱ्याला आणि नवराबायकोच्या बोलण्याला थोडी सूट आहे. मग लोक म्हणतात, घरात शांतता राहावी म्हणूनच आम्ही लपवलं. इमाम नववींनी या हदीसवर लिहिताना स्पष्ट केलं आहे की दुसऱ्याचा हक्क बुडवायला किंवा आपला नसलेला हक्क घ्यायला केलेली फसवणूक या सवलतीत बसत नाही. बायकोनं केलेली भाजी चांगली झाली म्हणा. रुसलेल्या भावाला सांगा की दुसरा तुझी आठवण काढतो. ही सूट मनं जोडायला आहे, सातबारा बदलायला नाही. एक बाई आपल्या लेकराला बोलावत होती, ये, तुला काहीतरी देते. पैगंबरांनी (स.) विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले की काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. पोराला दाखवलेल्या खजुराचा जिथं हिशेब आहे, तिथं 110 झाडांचा नसेल का?

मी काय केलं ते सांगतो. फार काही केलं नाही, तेही सांगतो. 2023 मध्ये मी फूफीच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. कागदाची नक्कल काढून नेली होती, ती शब्द न् शब्द वाचून दाखवली. ती बराच वेळ मशीनवरचं कापड नीट करत बसली. मग एकच विचारलं, तू आलास हे तुझ्या अब्बांना माहीत आहे का? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, आधी त्यांना सांग. मला भावाच्या पाठीमागून काही नको.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. यूसुफनी भावांना माफ केलं, आज तुमच्यावर कसलाही ठपका नाही असं सांगितलं, हे खरं. पण ते यूसुफनी सांगितलं, भावांनी ठरवलं नाही. आणि भावांनी आम्ही चुकलो असं म्हटल्यावर सांगितलं.

अब्बा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची बाजूही ऐका. बहिणींच्या लग्नात त्यांनी कर्ज काढलं होतं, विधवा बहिणीच्या घरी धान्य टाकलं होतं, बाग जगवायला उन्हाळ्यात टँकरनं पाणी घातलं होतं. हे सगळं खरं आहे. पण केलेली मदत आणि ठेवून घेतलेला वाटा यांची वजाबाकी करायची असेल तर ती तिच्यासमोर, तिच्या संमतीनं करावी लागते. मनातल्या मनात करून चालत नाही. रमजानच्या शेवटी एका रात्री अब्बा म्हणाले, कागद दाखव. त्यांच्याकडे जास्तीचा आलेला एक एकर दोन्ही बहिणींना अर्धा-अर्धा परत द्यायचं त्यांनी कबूल केलं. त्याची कागदपत्रं चालू आहेत. चाचा अजून तयार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, मला स्वतःला बारा वर्षं लागली. मागच्या बहारांचा हिशेब राहिला आहे. त्यातला माझ्या फीपुरता भाग मी पगारातून दर महिन्याला फेडतो. घरात त्याला कुणी मदत म्हणत नाही. त्याचं नाव बाकी आहे.

आणि थोरली फूफी 2019 मध्येच वारली. तिला हे कधी कळलं नाही. तिचा वाटा तिच्या मुलांना मिळेल, पण तिनं मरेपर्यंत आमची पेटी भेट समजून घेतली. त्या ठिकाणी मी कुंतीसारखाच उशिरा पोहोचलो.

शेवटी चार साध्या गोष्टी. एक, बहिणीची सही घेण्याआधी मजकूर तिला कळेल त्या भाषेत, मोठ्यानं, पूर्ण वाचून दाखवा आणि आठ दिवस तिच्याकडे राहू द्या. आठ दिवसांनंतरही ती हो म्हणाली तर ती राजीखुशी. दोन, बहिणींनो, सातबारा आता मोबाईलवर दिसतो. त्यावर फेरफार क्रमांक असतो आणि कोणत्या व्यवहारानं नाव आलं किंवा गेलं ते गाव नमुना सहामध्ये नोंदलेलं असतं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. माणसं विसरतात, लॉग विसरत नाही. स्वतः बघा, मुलीला बघायला शिकवा. तीन, आईबापांनो, मुलीला जास्त द्यायचं असेल तर हयातीत हिबा करता येतो. मागं भांडण ठेवून जाऊ नका. चार, तरुणांनो, कुणी म्हणालं, फक्त साक्षीदार म्हणून सही कर, तर आधी कागद वाचा आणि मग ज्याचा हक्क जातोय त्याच्या डोळ्यांत बघा. बघवत नसेल तर पेन खाली ठेवा.

गेल्या हंगामात फूफीकडे पेटी गेली नाही. त्या अर्ध्या एकराचे पैसे गेले. तिनं शेतावर निरोप पाठवला की झाडांना शेणखत घातलं का, आणि घातलं नसेल तर तिच्या हिश्शाचा खर्च तिच्याकडून घ्या. निरोप ऐकून अब्बा बऱ्याच दिवसांनी हसले.